एचआयव्ही असलेली लेकरं घरात सांभाळणाऱ्या आज्या-मावश्यांना नेमकं शिकवायचं काय?

सिंदफणा

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या.

मी बीड जिल्ह्यात एका संस्थेकडून गावोगाव फिरते. त्याआधी पाच वर्षं आशा होते. सध्या माझ्या यादीत सतरा लेकरं आहेत. सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं, थोरला सोळाचा. सगळ्यांना आईकडून आलेलं. सतरापैकी अकरांना आई नाही. कुणी आजीकडं, कुणी मावशीकडं, कुणी चुलतीकडं. एक सावत्र आईकडं आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत नीट तीच सांभाळते. या बायांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मला घ्यायचंय.

शिकवायला हाताशी एक जुनं पुस्तक दिलंय. त्यात काय आहे? अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस कशी बदलायची, तोंडातली बुरशी कशी पुसायची, तापात ओल्या फडक्यानं अंग कसं पुसायचं, शेवटच्या दिवसांत घरच्यांनी काय करायचं. पुस्तक खोटं नाही. ज्या काळात हातात औषध नव्हतं त्या काळचं आहे ते. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४ पासून, आणि लेकरांसाठी वेगळा कार्यक्रम २००६ च्या नोव्हेंबरात आला. त्याआधी घरी सांभाळणं म्हणजे मरण सोपं करणं एवढंच बायांच्या हातात होतं.

पण माझी सतरा लेकरं आजारी नाहीत हो. लिंबावरून पडतात, गणितात नापास होतात, मोबाईलसाठी रुसून बसतात. त्यांच्या घरातल्या बाईला कूस बदलायला शिकवून काय करू? तिची अडचण वेगळीच आहे. रोज रात्री आठला एक गोळी, आणि ती गोळी कशाची हे कुणाला कळू द्यायचं नाही. शेजारणीला नाही, मास्तरला नाही, बऱ्याच घरांत तर खुद्द लेकरालाही नाही.

एक उदाहरण सांगते. एका आजीला घड्याळ वाचता येत नाही. तिनं आपली अक्कल लढवली: गावात मुक्कामी एसटी आठच्या सुमाराला येते, तिचा हॉर्न वाजला की नातवाला गोळी. एक डोस चुकला नाही. मग २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप लागला, तो पार २०२२ च्या एप्रिलपर्यंत. गाडीच नाही तर हॉर्न कुठला? म्हातारी ओट्यावर बसून वाट बघायची आणि तिथंच डोळा लागायचा. पुढच्या तपासणीत पोराचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वर गेलेला. तिला कोण रागावणार? मी महिन्याला जात होते, पण मीही कधी विचारलं नव्हतं की आजी, आठ वाजले हे तुला कळतं कसं.

आता माझी चूकही सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मागच्या वर्षी असंच एक प्रशिक्षण तालुक्याला ठेवलं होतं. मी हौसेनं बॅनर छापून घेतला. त्यावर हातभर लांबीची एड्सची खूण असलेली लाल रिबीन, खाली ठसठशीत अक्षरात विषय. बॅनर लावला फाटकावर. चौदा बाया येणार होत्या, आत आल्या सहा. बाकीच्या फाटकापर्यंत येऊन माघारी गेल्या. त्यातल्या एकीनं नंतर ऐकवलं, "बाई, तुम्ही आम्हाला बोलवलं का गावाला दाखवलं?" त्या दिवसाची तिची खुरपणीची हजेरीही बुडाली होती.

तर मला विचारायचंय हे: दोन दिवसांत काय घ्यावं? निम्म्या बायांना लिहिता-वाचता येत नाही. लेकराला खरं कधी आणि कसं सांगायचं, हे त्यांना कसं शिकवावं? मलाच ते नीट येत नाही. आणि दोन घरं ऊसतोडीला जाणारी आहेत. दसरा झाला की टोळीबरोबर लेकरूही कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत. तिथं सहा महिने औषधाचं काय?

बिनकामाचा_सल्ला

प्रश्न चांगला आहे, पण अशा मुलांना संस्थेत ठेवणं जास्त सोयीचं नाही का? तिथं वेळेवर औषध, जेवण, सगळंच होतं.

पांढरं_कार्ड

वरच्या प्रतिसादाला आधी उत्तर देतो. ज्या लेकराला कुणीच नाही, किंवा घरच्यांनी बाहेर काढलंय, त्याच्यासाठी संस्था हव्यातच. बीडजवळ पालीला इन्फंट इंडिया आहे, लातूरकडं हासेगावला सेवालय आहे, त्यांचं काम मोठं आहे. पण ज्याला कुशीत घेऊन झोपणारी आजी आहे त्याला केवळ गोळीच्या वेळेसाठी तिच्यापासून तोडायचं? गोळीची वेळ आजीला शिकवता येते.

सिंदफणाताई, मी एआरटी केंद्रात समुपदेशक आहे, चौदा वर्षं झाली. तुमचं ते पुस्तक बाजूला ठेवा. माझ्या मते पहिला अख्खा दिवस फक्त गोळीवर घालवा. भाषण नको, विषाणूचं चित्र नको, रक्तातल्या पेशींची "सीडी फोर म्हणजे सैनिक" ही गोष्ट तर अजिबात नको. आज्यांनी ती दहा वेळा ऐकलीय. हातानं करून बघायचं काम द्या.

लहान लेकरांना आता डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची १० मिलीग्रॅमची विरघळणारी गोळी येते. तिला स्ट्रॉबेरीसारखा वास असतो. आधीचं लोपिनाव्हिरचं सिरप इतकं कडू होतं की एक आजी नातीच्या नाकपुड्या दाबून पाजायची आणि मग दोघी रडायच्या. ते दिवस गेले, पण नवी गोळी सोपी दिसते म्हणून तिच्यात चुका होतात. गोळी चावायला देतात. दुधाच्या पेल्यात टाकतात, मग लेकरू अर्धाच पेला पितं. पद्धत अशी: दोन छोटे चमचे म्हणजे १० मिली पाणी, त्यात गोळ्या पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचं, अर्ध्या तासाच्या आत पाजायचं, मग त्याच भांड्यात आणखी थोडं पाणी फिरवून तेही पाजायचं. तळाला राहिलेला गाळ म्हणजे औषधच. "चमचा" या शब्दावर विसंबू नका. एका घरातला चमचा भाजीच्या डावाएवढा होता. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण हातात द्या.

सरावासाठी एचआयव्हीच्या गोळ्या वाया घालवू नका. जुलाबात ओआरएसबरोबर देतात त्या झिंकच्या गोळ्या घ्या. त्याही पाण्यात विरघळतात आणि आशाताईंकडं असतात. प्रत्येकीला स्वतःच्या हातानं विरघळवायला लावा. तुम्ही बोलू नका, फक्त बघा. कोण कुठं चुकतं ते पाच मिनिटांत दिसेल.

दुसरं, बाटली. लेबल दिसू नये म्हणून बाया गोळ्या दुसऱ्या डब्यात ओततात, तांदळात पुरून ठेवतात. पावसाळ्यात ओल लागते आणि गोळी भुगा होते. लेबल खरवडून काढा, कागद चिकटवा, पण गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या. आत ओल शोषणारी पुडी असते, ती फेकायची नाही. आणि खायची तर मुळीच नाही, हेही सांगाच.

दिवसाची खूण कॅलेंडरवर करायला लावा. दुधाचा हिशेब जसा फुल्या मारून ठेवतात तसाच. भिंतीवर लटकलेलं असलं तरी कुणाला शंका येत नाही. गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर परत द्यायची. विसरली तर आठवेल तेव्हा द्यायची. फक्त पुढची गोळी जवळ आली असेल तर दोन एकदम नाहीत.

ऊसतोडीचं: टोळी निघायच्या आधी केंद्रात येऊन सांगायचं, एवढी एकच गोष्ट त्या बाईच्या डोक्यात बसवा. मुकादमाची उचल घेतली त्याच आठवड्यात यायचं. लेकरू स्थिर असेल तर एकदम काही महिन्यांचं औषध देता येतं. कारखान्याजवळच्या एआरटी केंद्रातही हिरवं पुस्तक, म्हणजे पेशंटजवळ असते ती उपचाराची नोंदवही, दाखवलं की प्रवासातला पेशंट म्हणून औषध मिळतं, किंवा रीतसर बदलीही करून देता येते. हिरवं पुस्तक कपड्यांच्या गाठोड्यात नको, कोपीला आग लागते, पाऊस लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंगावर ठेवायचं. आणि पहिल्या पानाचा मोबाईलवर फोटो.

पैशाचंही घ्या. बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. निम्म्या आज्यांनी अर्जच केलेला नसतो, कारण अर्जात कारण लिहावं लागेल या भीतीनं. तुम्ही बरोबर जा.

वर्धेची_सिस्टर

वरचं सगळं पटलं. दोन गोष्टी जोडते.

वजन. गोळी वयावर नसते, वजनावर असते. दहा ते चौदा किलोच्या आत दोन गोळ्या, चौदाच्या पुढं अडीच, वीस किलो झाले की मोठ्यांची ५० ची एक. बाळसं धरलेलं लेकरू जुन्याच डोसवर राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आजीला एकच सांगा: महिन्याला अंगणवाडीच्या काट्यावर उभं करायचं आणि आकडा केंद्रात सांगायचा. वजन वाढायचं थांबलं, खोकला, ताप, किंवा घरात कुणाला टीबी, यातलं काहीही असेल तर तारखेची वाट न बघता यायचं.

आणि शाळेत लोहाची गोळी देतात ती बंद करायची का, असं प्रत्येक वेळी विचारतात. नाही. लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राव्हिरला अडवतात हे खरं, पण शाळेची गोळी दुपारच्या जेवणाला आणि ही रात्री आठला. लोहानंतर सहा तास गेले की हरकत नसते. घरी कॅल्शियमचं औषध चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

आठची_गोळी

मी या मंचावर वाचत असते, लिहिते पहिल्यांदाच. नाव सांगत नाही.

मी २५ वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते. जन्मापासून एचआयव्ही आहे. आई २००३ ला गेली, मी दोन वर्षांची असताना. वडील त्याच्याआधी. मला आजीनं वाढवलं, गाव सोलापूर जिल्ह्यातलं. गोळ्या आठव्या वर्षी सुरू झाल्या, तेव्हा सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा असायच्या.

आजीनं सांगितलं होतं, हाडं मजबूत व्हायची गोळी आहे. मी विचारायचे, मग चुलतभावाला का नाही देत, त्याची हाडं तर सारखी मोडतात. आजी म्हणायची, "त्याची आई देत असंल." केंद्राच्या भिंतीवर लाल रिबीन होती. सातवीत असताना तीच रिबीन एसटी स्टँडवरच्या पाटीवर दिसली आणि खालचं मी वाचलं. मला कळलं. आजीला काही बोलले नाही. दोन वर्षं नाही बोलले. कारण मी विचारलं तर ती रडेल हे मला माहीत होतं. तिला वाटत होतं ती मला जपतेय, मला वाटत होतं मी तिला जपतेय.

नववीत मी गोळ्या चुलीत टाकायला लागले. तीन-चार महिने. एकदा सकाळी राख भरताना आजीला न जळालेली गोळी सापडली. मारलं नाही. राखेची पाटी तशीच ठेवून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "तुझ्या मायला ही गोळी मिळाली न्हाई. तुला मिळती तर तू चुलीत घालतीस व्हय गं?" त्या एका वाक्यात मला सगळं सांगून झालं होतं. मग आम्ही दोघी खूप वेळ बोललो. पहिल्यांदाच आईबद्दल बोललो. आईला पाटवड्या आवडायच्या हे मला त्या दिवशी कळलं.

ताई, तुम्ही विचारलंय कसं शिकवावं. मला वाटतं आज्यांना "कधी सांगायचं" हे शिकवण्याआधी विचारा, "तुमची लेक कशी होती, हे लेकराला सांगितलंय का?" आजाराचं नाव नंतर. आमच्या घरात आजाराचं नाव दडवायच्या नादात आईच दडली होती.

आणि त्यांना हेही सांगा की हे लेकरू मोठं होणार आहे. माझा व्हायरल लोड गेली सहा वर्षं सापडत नाही. इतका कमी असला की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. माझं लग्नाचं चाललंय, त्याला सगळं माहीत आहे. आजीला हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिनं माझ्या नावाची एफडी दवाखान्यासाठी म्हणून नसती केली. आता त्याच पैशात साडी घेऊ म्हणते.

पांढरं_कार्ड

@आठची_गोळी, तुमचं लिहिणं आमच्या केंद्रातल्या सगळ्यांना वाचून दाखवू का? मंचाचं नाव सांगणार नाही.

सिंदफणाताई, हिच्या लिहिण्यात तुमचं उत्तर आलंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ पासून सांगितलंय की शाळकरी वयाच्या मुलाला त्याचं त्याला कळलं पाहिजे, आणि त्याआधी वयाप्रमाणे थोडं थोडं. आम्ही आजीला असं बसवतो: सहा-सात वर्षांचं असेल तर "तुझ्या रक्तात एक किडा झोपलाय, गोळी त्याला झोपवून ठेवते." नाव नाही, पण खोटंही नाही. हाडांची गोळी, बुद्धीची गोळी, ताकदीची गोळी, हे बंद. दहा-बाराच्या आसपास नाव. ते नाव आजीनं एकटीनं सांगू नये, समुपदेशक शेजारी असावा. पण सुरुवात तिच्या तोंडून व्हावी. याचा सराव जोडीनं घ्या: एक बाई नातू होईल, एक आजी. नातू झालेल्या बाया असले प्रश्न विचारतात की आपण गार पडतो.

शाळेत सांगायची सक्ती कुणावर नाही हेही घ्या. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाचं हे उघड करता येत नाही आणि या कारणावरून शाळा लेकराला काढू शकत नाही. त्याच कायद्यात आणखी एक आहे, फार कमी जणांना माहीत असतं: आई-बाप सांभाळू शकत नसतील आणि घराचा कारभार तेच बघत असेल, तर बारा ते अठरा वर्षांचं समजूतदार भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळाप्रवेशाला, बँकेत, उपचाराला उभं राहू शकतं. तुमच्या यादीतला सोळाचा थोरला, त्याला धाकटी बहीण असेल तर त्यालाही प्रशिक्षणाला बोलवा.

सिंदफणा

दीड महिन्यानं लिहितेय. झालं प्रशिक्षण.

या वेळी बॅनर नाही. निरोप दिला, "लेकरांच्या आहाराची बैठक", आणि खरोखरच शेंगदाण्याचे लाडू करायला ठेवले. त्यामुळे कुणी डोकावलं तरी परातीत गूळ दिसत होता. चौदापैकी तेरा आल्या, आणि तो सोळा वर्षांचा थोरलाही आला. हो, त्याला बहीण आहे. बायांमध्ये लाजून कोपऱ्यात बसला होता, पण गोळी विरघळवण्यात सगळ्यांत पक्का तोच निघाला.

झिंकच्या गोळ्यांनी मजा आली आणि डोळेही उघडले. एक मावशी गोळी दातानं अर्धी करते. "सुरीनं भुगा व्हतो, दातानं बराबर दोन व्हतेत." मी म्हणाले, मग तुमच्या तोंडात थोडं औषध जातं की. तिला ते पटेना, तिनं दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. खरंच सारखे होते! तरी गोळीवरच्या रेघेवर अंगठ्यानं मोडायला शिकवलं. मूळ बाटली ठेवायची हे सगळ्यांना पटलं, पण पुडी फेकायची नाही हे एकीला पटलं नाही. तिच्या घरी ती नातवानं जिऱ्याची पुडी समजून फोडली होती. पुडी कापसात गुंडाळून बाटलीच्या तळाशी दाबायला मी त्या बाईला सांगितलं. बरोबर सांगितलं का, सिस्टर?

दुसऱ्या दिवशी मी आठची गोळी यांचा प्रश्न विचारला, तुमची लेक कशी होती. मला वाटलं होतं दहा मिनिटं जातील. जेवायला तीन वाजले. एकीनं लेकीचा शाळेतला फोटो पोलक्यातून काढला. तो तिनं नातीला कधी दाखवला नव्हता, कारण नात विचारेल ही गेली कशानं. नातू-आजीच्या सरावात तीच नात झाली आणि तिनं विचारलं, "मग तू माझ्या आईला औषध का नाही दिलंस?" समोरच्या बाईला उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. पांढरं कार्ड, याचं उत्तर तुम्ही काय देता ते लिहा. मी त्या फोटोवाल्या आजीबरोबर पुढच्या मंगळवारी केंद्रात जाणार आहे.

ऊसतोडीच्या दोन्ही घरांचं औषध घेऊन झालं. हिरवी पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, गळ्यात.

आणि मुक्कामी एसटीची आजी. तिच्या साध्या मोबाईलवर थोरल्यानं आठचा गजर लावून दिला. तिनं सगळे आवाज ऐकून कोंबड्याचा पसंत केला. आता रोज रात्री आठला तिच्या घरात कोंबडा आरवतो. शेजारीण विचारते, म्हातारे, तुझा कोंबडा रातचा काहून वरडतो? आजी सांगते, "येडं हाय ते, त्याला दिस कळत न्हाई."